हिरड्यांची वाट फुप्फुसांपर्यंत

खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा काय किंवा वऱ्हाडातले कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारे दुसरे कोणतेही गाव काय, तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसांशी तब्येतीबद्दल बोलायला बसा. ‘दात हलायला लागले’, ‘हिरड्यांतून रक्त येते’ ही तक्रार निघते. ‘थोडे चालले की दम लागतो’, ‘सकाळी उठल्यापासून बेडका पडतो’ हीही निघते. पहिले दुखणे आपण वयाच्या खात्यावर टाकतो आणि दुसरे बिडीच्या किंवा चुलीच्या. पहिल्यासाठी तर कुणी दवाखान्याची पायरीही चढत नाही. दाढ ठणकली तरच दातांचा डॉक्टर आठवतो; हिरडी बहुधा ठणकत नाही, म्हणून ती विसरली जाते.

मात्र गेल्या तीसेक वर्षांच्या संशोधनाने ही दोन दुखणी एकमेकांपासून वाटतात तेवढी लांब नाहीत हे दाखवून दिले आहे. सुजलेल्या हिरड्यांत वाढणारे जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. म्हातारी, अंथरुणाला खिळलेली आणि आधीच फुप्फुस दुबळे झालेली माणसे यांच्यासाठी ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे ज्याला छातीचा विकार आहे, त्याच्या औषधोपचारात हिरड्यांची निगा असायलाच हवी. हे काम स्वस्त आहे, घरात करता येण्याजोगे आहे आणि आज सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

हिरडीत नेमके काय बिघडते

माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. दात घासल्यावर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा पातळ थर पुन्हा बसू लागतो. बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतून हात फिरवला तर जो बुळबुळीत थर लागतो, तसाच हा थर असतो: नुसत्या पाण्याने जात नाही, घासावाच लागतो. अशा एका ग्रॅम थरात जिवाणूंची संख्या दहा हजार कोटींच्या घरात जाते. थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात साचतात आणि त्याचे टणक कीटण बनते. मग ते ब्रशनेही निघत नाही.

या थराचा आणि हिरडीच्या सुजेचा संबंध हाराल्ड लो या संशोधकाने डेन्मार्कमध्ये १९६५ साली एका साध्या प्रयोगातून सिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावर आजार पूर्णपणे परतवता येतो.

दुर्लक्ष झाले तर सूज खोलवर जाते. दात आणि हिरडी यांच्यामधली फट रुंदावून तिचा खिसा होतो. त्या खिशात हवा पोहोचत नाही, म्हणून प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे फोफावतात. ‘पॉर्फायरोमोनास जिंजिवॅलिस’ आणि ‘फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ ही त्यांतली कुप्रसिद्ध नावे. शरीर त्यांच्याशी लढते आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाडच झिजते. दात लांब दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, तोंडाला दुर्गंधी येते, हिरडी दाबली की पू येतो. लोक याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड पुन्हा पहिल्यासारखे भरून येत नाही. झीज थांबवणे मात्र शक्य असते.

रोग बराच पसरलेल्या माणसाच्या सगळ्या खिशांची आतली, सुजलेली बाजू एकत्र मांडली तर ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी जखम दंडावर असती तर आपण पट्टी बांधून, पथ्य पाळून बसलो असतो. तोंडातली दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

हा आजार दुर्मीळ नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातील जवळपास ९० टक्के लोकांच्या हिरड्यांमध्ये काही ना काही दोष आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र आजाराचे जगात १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत.

तोंडातून छातीपर्यंत

माणूस दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतो. ती पोटात जाते असे आपण धरून चालतो, पण सगळी जात नाही. १९७८ मध्ये झोपलेल्या निरोगी माणसांच्या घशात किरणोत्सारी खूण असलेला द्रव थेंब थेंब सोडून तो कुठे जातो हे पाहण्यात आले. गाढ झोपेत तो ४५ टक्के लोकांच्या फुप्फुसांत उतरलेला दिसला. ज्यांची शुद्ध हरपलेली होती अशा रुग्णांमध्ये हे प्रमाण ७० टक्के होते. म्हणजे लाळेचे सूक्ष्म कण श्वासनलिकेत जाणे हा नेहमीचा प्रकार आहे.

मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? कारण निरोगी माणसाला खोकला येतो, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफ वर ढकलत राहतात आणि फुप्फुसातल्या संरक्षक पेशी उरलेल्या जिवाणूंना गिळतात. गाडे बिघडते ते दोन परिस्थितींत: लाळेतले जिवाणू फार वाढले तर किंवा ही संरक्षक यंत्रणा दुबळी झाली तर. लकवा मारलेल्या माणसाला गिळता नीट येत नाही आणि खोकल्यात जोर नसतो. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतले सूक्ष्म केस निकामी झालेले असतात. अशा माणसाच्या हिरड्यांत पू असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात.

याखेरीज आणखी काही मार्ग आहेत. हिरड्यांतल्या जिवाणूंची विकरे तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरावरचे संरक्षक प्रथिनांचे आवरण खातात. त्यामुळे न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूंना तिथे चिकटून बसणे सोपे जाते. सुजलेल्या हिरड्यांतून सूज वाढवणारी रसायने लाळेत आणि रक्तातही उतरतात. ती श्वासमार्गाच्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशी संसर्गाला लवकर बळी पडतात. शिवाय दोन्ही आजारांत शरीराचेच सैनिक घरभेदी ठरतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणूंना मारण्यासाठी जी विकरे सोडतात, तीच हिरडीतल्या तंतूंची नासधूस करतात आणि तीच फुप्फुसातल्या वायुकोशांच्या लवचीक भिंती फाडतात.

एका जुन्या कल्पनेचा प्रवास

तोंडातला रोग इतर अवयवांना बाधतो ही कल्पना नवीन नाही. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९१ मध्ये तोंड हे संसर्गाचे केंद्र असते असे मांडले. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथे केलेल्या भाषणात अनेक आजारांचा दोष दातांतल्या लपलेल्या पूवर ठेवला. पुढची वीस-तीस वर्षे पाश्चात्त्य देशांत या मताची लाटच आली. संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून माणसांचे धडधाकट दात सरसकट उपटले गेले. आजार काही बरे झाले नाहीत. पुराव्याची जोड नसल्याने १९४० च्या सुमारास हे मत मागे पडले, आणि त्याच्याबरोबर त्यातला खरा अंशही बाजूला पडला.

तो खरा अंश फुप्फुसांच्या बाबतीत त्याच काळात दिसला होता. १९२० च्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड स्मिथ यांनी फुप्फुसात पूचे गळू होऊन दगावलेल्या रुग्णांचे शवविच्छेदन पाहिले. गळवाच्या भिंतीत आढळलेले जिवाणू पायोरिया झालेल्या हिरडीतल्या जिवाणूंसारखे होते. हिरडीतला पू प्राण्यांच्या श्वासनलिकेत सोडला तेव्हा त्यांच्या फुप्फुसात तसेच गळू झाले. छातीचे डॉक्टर आजही हे जाणतात. दुर्गंधीयुक्त बेडका पडणारे फुप्फुसाचे गळू बहुधा दारूचे व्यसन किंवा फिट्सचा आजार असलेल्या आणि हिरड्या सडलेल्या माणसात सापडते. तोंडात एकही दात नसलेल्या माणसात ते क्वचितच दिसते. म्हणून बोळक्या तोंडाच्या रुग्णात असे गळू आढळले, तर डॉक्टर आधी कर्करोगाची शंका घेतात.

आधुनिक पर्व सुरू झाले ते अतिदक्षता विभागातून. अमेरिकेतील बफेलो येथील फ्रँक स्कॅनापीको आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या दातांवरचा थर तपासला. ६५ टक्के रुग्णांच्या थरात न्यूमोनिया घडवणारे जिवाणू सापडले. दंतचिकित्सालयात आलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. रुग्ण अंथरुणाला खिळला आणि तोंडाची सफाई थांबली की दातांवरचा थर घातक जिवाणूंचे आश्रयस्थान बनतो, हे यातून दिसले.

ब्रशने वाचवलेले जीव

संबंध दिसणे वेगळे आणि हिरड्या साफ केल्याने फुप्फुसाचा आजार खरेच टळणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर जपानने दिले. ताकेयोशी योनेयामा आणि सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांतील ३६६ वृद्धांना दोन गटांत विभागले. एका गटातल्या वृद्धांचे दात प्रत्येक जेवणानंतर सेविकांनी घासून दिले आणि गरजेप्रमाणे दंतवैद्यांनी सफाई केली. दुसऱ्या गटात जे आधी चालत होते तेच चालू ठेवले. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात ११ टक्क्यांना. न्यूमोनियाने मृत्यू झाले ते दुसऱ्या गटात १६ टक्के, पहिल्यात ७ टक्के. इथे ना नवे औषध होते, ना महागडे यंत्र. जीव वाचवले ते ब्रशने आणि तो धरणाऱ्या हातांनी.

रुग्णालयांबाबतचा पुरावाही आता भक्कम झाला आहे. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील दोन संशोधकांनी १५ प्रयोगांतील २,७८६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. रोज दात घासून दिलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयात जडणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. अतिदक्षता विभागात मृत्यूही कमी झाले आणि सर्वाधिक फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला.

सगळेच प्रयोग इतके यशस्वी ठरले नाहीत, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील वृद्धाश्रमांमधल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पहिल्या वर्षी न्यूमोनिया घटला, पण दोन वर्षांचा हिशेब मांडता फरक टिकला नाही. नेटाने रोज सफाई चालू ठेवणे हेच अवघड असते. जिवाणूनाशक औषधाने नुसत्या चुळा भरून दात घासण्याइतका फायदा होत नाही, हेही इतर अभ्यासांतून दिसले आहे. थर घासूनच काढावा लागतो.

दम, धूर आणि तंबाखू

आता आपल्या घराकडे येऊ. भारतात सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार, १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख लोकांना होता. २०१६ मध्ये हा आकडा ५ कोटी ५३ लाखांवर गेला. हा बिडी-सिगारेटचा आजार असे आपण मानतो. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, जगातील सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नाही. त्यांच्या फुप्फुसांना झळ बसते ती चुलीच्या धुराची, कामाच्या जागी उडणाऱ्या धुळीची, प्रदूषणाची आणि जुन्या क्षयरोगाची.

वऱ्हाडातल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर तिने कित्येक वर्षे भाकरी भाजली आहे. आता घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अनेक ठिकाणी चुलीवरच तापते. मळणीयंत्रासमोर आणि जिनिंगमध्ये उडणारी धूळ वेगळीच. अशा फुप्फुसावर दातांवरच्या जिवाणूंचा भार पडला, तर खोकल्याची आणि दम्याची उबळ वारंवार येऊ शकते.

सीओपीडी असलेल्यांमध्ये हिरड्यांचा आजार जास्त आढळतो, हे बऱ्याच देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. पण दोन्हींचे एक मोठे कारण समान आहे: तंबाखू. त्यामुळे हिरड्यांमुळे सीओपीडी होतो असा निष्कर्ष लगेच काढणे चुकीचे ठरेल. मात्र झालेल्या सीओपीडीचा त्रास हिरड्यांच्या उपचाराने कमी होऊ शकतो असे दिसते. बीजिंगमध्ये ६० रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या प्रयोगात, ज्यांच्या हिरड्यांवर उपचार झाले त्यांची श्वसनक्षमता अधिक चांगली राहिली आणि आजार उसळण्याचे प्रसंग कमी झाले. प्रयोग छोटा आहे, दिशा मात्र आशादायक आहे. कोविडच्या काळात कतारमध्ये ५६८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हिरड्यांचा आजार असलेल्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागण्याची शक्यता साडेतीन पट आढळली. हाही संबंधच आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण तो दुर्लक्ष करण्यासारखा नक्कीच नाही.

तंबाखूकडे वेगळे पाहायला हवे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यांतले बहुसंख्य ती ओढत नाहीत, तोंडात ठेवतात. चुना लावून मळलेली तंबाखू जिथे रोज ठेवली जाते, तिथली हिरडी दाताला सोडून खाली सरकते. मिश्री म्हणजे भाजून वाटलेली तंबाखूच. दात साफ करण्याच्या नावाखाली बायका ती हिरड्यांवर चोळतात, आणि सवय जडली की दिवसातून अनेकदा चोळतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. घरातल्या डबीवर मात्र कुठलाही कायदा पोहोचत नाही.

बिडी ओढणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग वाढत असतानाही रक्त कमी येते. ‘माझ्या हिरडीतून कधी रक्त येत नाही’ हे बिडी ओढणाऱ्याच्या तोंडून ऐकले, तर ते चांगल्या तब्येतीचे लक्षण समजू नये. त्याची हिरडी डॉक्टरने तपासूनच पाहावी लागते.

संबंधाला दुसरी बाजूही आहे. दम्याचा माणूस तोंडाने श्वास घेतो, त्याने तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की जिवाणू वाढतात. इनहेलरमधल्या स्टिरॉइडचा अंश तोंडात राहिला तर जिभेवर पांढरी बुरशी धरते. यावर उपाय साधा आहे: इनहेलर घेतल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचे. या भीतीने इनहेलर बंद मात्र करायचा नाही. मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार लवकर बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. म्हणून दम आणि साखर दोन्ही असलेल्याने दातांच्या तपासणीला अजिबात चालढकल करू नये.

गैरसमज दूर करू

‘कीटण काढले की दात हलतात’ हा सर्वांत घातक समज आहे. खरी गोष्ट अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाचा थर ते लपवून ठेवतो. कीटण निघाल्यावर सूज उतरते, फटी उघड्या दिसतात आणि काही दिवस दात शिवशिवतात. उपचार न केला तर तेच दात काही वर्षांनी आपोआप पडतात.

‘रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावत नाही’ हेही उलटेच आहे. रक्त येते ते तिथे थर साचला म्हणून. तिथेच मऊ ब्रशने हलक्या हाताने घासायला हवे. पंधरा दिवस नीट घासूनही रक्त थांबले नाही, तर डॉक्टर गाठावा.

कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीचे दातण टाकाऊ नाही. टोक चांगले चावून मऊ केले आणि वेळ देऊन वापरले, तर दाताचा बाहेरचा पृष्ठभाग स्वच्छ होतो. पण दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचणे कठीण जाते आणि कीड रोखणारे फ्लोराइड तिच्यात नसते. राख, विटेची भुकटी आणि जाडे मीठ मात्र टाळावे. त्याने दाताचे कवच घासले जाते.

काय करावे

सगळ्यांसाठी नियम थोडे आहेत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन मिनिटे, फ्लोराइडच्या पेस्टने आणि मऊ ब्रशने दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि ती श्वासनलिकेत उतरण्याचा धोकाही झोपेतच जास्त असतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर ब्रश तिरपा धरावा. जीभही साफ करावी. वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि गरज असेल तर कीटण काढून घ्यावे. तंबाखू आणि मिश्री सोडायची इच्छा असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

दमा किंवा सीओपीडी असलेल्या रुग्णाने छातीच्या डॉक्टरला हिरड्यांची स्थिती सांगावी आणि दातांच्या डॉक्टरला छातीचा आजार व चालू औषधे सांगावीत. दोन्ही डॉक्टरांपर्यंत पूर्ण माहिती पोहोचली तरच उपचार जुळतात. इनहेलर सोबत घेऊनच दातांच्या दवाखान्यात जावे.

सर्वांत जास्त लक्ष हवे ते अंथरुणावरच्या माणसाकडे. लकव्याने किंवा वयाने खाटेला खिळलेल्या आजी-आजोबांना आंघोळ घातली जाते, कपडे बदलले जातात, पण त्यांचे तोंड कित्येक घरांत आठवडेच्या आठवडे कुणी उघडून पाहत नाही. त्यांना उशीच्या आधाराने अर्धवट बसवावे किंवा कुशीवर वळवावे. ओल्या मऊ ब्रशवर अगदी थोडी पेस्ट घेऊन दात, हिरड्या आणि जीभ हलक्या हाताने घासावी. फेस आणि लाळ स्वच्छ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तोंडात पाणी ओतू नये. पाणी, चहा, पेज हे सगळे बसवूनच द्यावे. आडव्या माणसाच्या तोंडात घोट सोडला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. शुद्ध हरपलेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नये.

कवळी लावणाऱ्यांनी ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ वृद्धांचा अभ्यास झाला, तेव्हा रात्री कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. त्याच जपानने १९८९ मध्ये ‘वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात’ अशी मोहीम सुरू केली आणि म्हातारपणी दात पडणारच ही समजूत मोडून काढली.

गावाने काय करावे

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून विदर्भातील रुग्णांवर उपचार करते आहे. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सोयी वाढत आहेत. पण कीटण काढण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणे शेतमजुराला आजही परवडत नाही. म्हणून पहिली तपासणी गावातच व्हायला हवी.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरताना तंबाखूबद्दल, स्वयंपाकाच्या इंधनाबद्दल, दम लागण्याबद्दल आणि तोंडातल्या जखमेबद्दल विचारतात. त्याच भेटीत ‘हिरड्यांतून रक्त किंवा पू येतो का, दात हलतात का’ हेही विचारले जावे. ज्याला दम आणि हिरड्या असे दोन्ही त्रास आहेत, त्याला आधी दंतवैद्याकडे पाठवावे. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, पेरणीपूर्वी आणि कापूस वेचणी आटोपल्यावर, गावात दंत तपासणीचे शिबिर भरवावे. शाळेत मुलांना ब्रश कसा धरायचा ते शिकवताना, घरच्या आजीचे दात कसे घासून द्यायचे हेही शिकवावे.

न्यूमोनियाने दगावणाऱ्या प्रत्येक वृद्धाला ब्रश वाचवू शकणार नाही. लस, वेळेवर उपचार, धूरमुक्त स्वयंपाकघर आणि तंबाखू सोडणे यांची जागा हिरड्यांची निगा घेऊ शकत नाही. तिने त्यांच्या जोडीला यायचे आहे. पण या सगळ्यांत ती एकच गोष्ट अशी आहे जी आज रात्री, घरातल्या घरात, वीस-तीस रुपयांच्या ब्रशने सुरू करता येते. तुमच्या घरी दम्याचे, लकव्याचे किंवा अंथरुणावरचे कुणी असेल, तर आज झोपण्यापूर्वी त्यांचे तोंड उघडून पाहा आणि त्यांचे दात घासून द्या.